आत्या, तुझे दहा-दहा शेअर

आत्या,

तू गेल्यावरही माझं मत बदललेलं नाही. तो शेअर घ्यायला नको होता. हे मी तुला पंचवीस-तीस वर्षं सांगत आलो आणि दर वेळी तू "बरं, जेवून जा" म्हणायचीस. मग वाद तिथेच थांबायचा, कारण तुझ्या हातची तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी समोर आल्यावर कुणाला व्याजाचे दर आठवणार? आता जेवायला थांबवणारं कोणी नाही. या वेळी मी सगळं बोलून घेणार आहे.

लालबागच्या त्या खोलीत तू खानावळ चालवायचीस. काका गिरणीत साचेखात्यात, मागावर. सकाळच्या पाळीची माणसं उठली की दुपारच्या पाळीची बसायची. त्यातली बरीचशी तळकोकणातली, बायकापोरं गावाला ठेवून आलेली. तुझा नियम एकच होता, आणि तो तू भांडूनसुद्धा मोडू दिला नाहीस : प्रत्येकाचं ताट प्रत्येकाच्या नावावर. भाऊ भावाच्या नावावर जेवणार नाही, पाहुणा यजमानाच्या नावावर जेवणार नाही. एकदा सख्ख्या दोन भावांमध्ये कुणी किती दिवस कुणाच्या नावावर जेवलं यावरून डोकी फुटायची वेळ आली होती, तेव्हापासून.

संप लागला आणि पंगत विरळ होत गेली. निम्मे गावाला गेले. राहिलेल्यांना तू निम्म्या दरात जेवू घातलंस आणि डाळीत पाणी घातलंस. घालण्याआधी सगळ्यांना सांगितलंस, हे मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी तिथे होतो. कुणीतरी म्हणालं, मावशी, आजची डाळ आरपार दिसते. तू म्हणालीस, चष्मा लाव, उद्या आणखी दिसेल.

संपाच्या दुसऱ्या वर्षी काका गेले. तेरावं झाल्यावर भाऊकाका, तुझा दीर, मालवणहून आलेला होता तो थांबला आणि दोन दिवसांनी त्याने विषय काढला. खोली तुझ्या सासऱ्याच्या वेळची, तेव्हा निम्मी त्याची. त्याचं म्हणणं बेकायदा नव्हतं आणि बोलणंही वाकडं नव्हतं. एकटी बाई इथे काय करणार, खोली पागडीवर देऊ, पैसे निम्मे करू, तू गावाला चल. तू म्हणालीस, मी इथेच राहणार. मग तो म्हणाला, राहा, पण माझ्या हिश्श्याचे चौदा हजार दे. दोन वर्षं थांबतो.

खानावळ बंद करून विकलेली मोठी पातेली, परात आणि काकांचा फंड मिळून तुझ्याकडे सहा हजारांच्या जरा वर होते. मी तेव्हा नुकताच काळबादेवीच्या एका कापडपेढीत हिशेबाला लागलो होतो. आमच्या फणसवाडीच्या बिऱ्हाडी बसून मी तुला गणित मांडून दाखवलं. पोस्टात ठेवलेस तर दुप्पट व्हायला सहा-सात वर्षं. तू विचारलंस, दोन वर्षांत दुप्पट कशात होतात? मी म्हणालो, कशातच नाही, सट्ट्यात होतात. तेवढा एकच शब्द तू धरून ठेवलास. उलट्या अर्थाने.

पुढच्याच आठवड्यात तू दादरच्या एका वाण्याकडून आलीस ती उजळलेल्या तोंडाने. त्याच्याकडे विजेवर चालणारा वजनकाटा आला होता. लाल आकडे उमटणारा. तू म्हणे त्याच्या ताटलीवर बोट टेकवून पाहिलंस, आकडा हलला, बोट उचललंस, परत शून्य. वाणी ओरडला तरी तू दोनदा केलंस. आयुष्यभर डाळ-तांदळात तुला वाण्यांनी किती फसवलं याचा हिशेब तुझ्याजवळ नव्हता, पण राग होता. "ह्येका लाच देता येत नाय," एवढंच तू म्हणालीस, आणि काट्यावरच्या पट्टीवरचं कंपनीचं नाव मला लिहून घ्यायला लावलंस.

मी चौकशी केली. कंपनी खरी होती, पण धड नव्हती. दोन वर्षांचा तोटा, काटे महाग, मागणी थोडी. दहाचा शेअर नऊला मिळत होता आणि तोही घ्यायला कोणी तयार नव्हतं. मी तुला मुद्दा सांगितला तो आजही बिनतोड आहे : काटा विकत घेणार वाणी, आणि खऱ्या काट्यात नुकसान वाण्याचं. स्वतःच्या पैशाने स्वतःचं नुकसान कोण विकत घेईल? तू म्हणालीस, गिऱ्हाईक मागतील. मी म्हणालो, गिऱ्हाइकाला कोण विचारतं? यावर तू मला कोकम सरबत दिलंस.

सातशे शेअर तू घेतलेस. तिथवर ठीक, पैसे तुझे. पण तू ते तुझ्या जुन्या जेवणाऱ्यांना सांगितलंस. गिरणीने कमी केलेल्यांना थोडे थोडे पैसे मिळत होते, ते कुठे ठेवावे हा प्रश्न प्रत्येकालाच होता, आणि मावशी ठेवते आहे तिथे आपणही ठेवू, असं होऊन तीस-बत्तीस जणांनी पैसे तुझ्या पुढ्यात आणून ठेवले. बाजारात शेअर शंभराच्या लॉटमध्ये मिळायचे. दलालाचा माणूस म्हणाला, तीन-चार जणांच्या नावावर शंभर-शंभर घ्या, आपापसात वाटून घ्या. तू ऐकलं नाहीस. प्रत्येकाचं ताट प्रत्येकाच्या नावावर. शंभराचे कागद फोडून दहा-दहाचे करवलेस, माणसागणिक वेगळे. ते नावबदलीचे सगळे फॉर्म मी भरले, अंगठे लावून घेतले, आणि दलालाच्या माणसाने कपाळावर हात मारून घेतला, कारण दहाचा तुकडा विकायला गेलं की कोणी घेत नाही, घेतला तर पडेल भावात. शंभराची नोट फाडून दहा तुकडे केलेत तुम्ही, असं तो मला म्हणाला. मला ते पटलं. आजही पटतं.

पुढे वर्षभर भाव सहावर होता. मी तुझ्याकडे यायचं टाळत नव्हतो, पण आलो की तू मला काही विचारायची नाहीस आणि मी सांगायचो नाही. पांडू सावंत, जो गिरणीतून निघून दादरला एका इमारतीत वॉचमन झाला होता, तो मात्र विचारायचा. "काय रे सुधीर, आमचे काटे काय म्हणतात?" मी म्हणायचो, काटे बरोबर आहेत, भाव चुकतोय. तो हसायचा. त्याचे दहाच होते.

मग सहकारी भांडारांनी एकदम बरेच काटे मागवले. भांडाराला वाण्यासारखा फायदा काढायचा नव्हता, हे माझ्या मुद्द्यात बसत नव्हतं, ते मी कबूल करतो. भाव चढत चढत बावीसला पोचला. तुझे पंधरा हजारांच्या वर झाले. भाऊकाकाची मुदत संपायला काही महिने होते. मी ऑफिसातून तडक लालबागला आलो आणि म्हणालो, उद्या सकाळी विकायचे. तू चुलीपुढून उठलीस सुद्धा नाहीस.

"आणि ह्यांचे?"

मी म्हणालो, त्यांचे दहा-दहाचे तुकडे आहेत, ते बावीसला जाणार नाहीत, ते नंतर बघू. तू म्हणालीस, "माणसं पानावर बसलेली असताना वाढणारी उठत नाय, सुध्या." मी चिडलो. तो तुझ्या घराचा प्रश्न होता, माझ्या नव्हे, आणि मी चिडलो होतो आणि तू शांत होतीस. पंधरा दिवस मी आलो नाही.

पंधरा दिवसांनी आलो, तर तुझ्या हातात कंपनीचा लिफाफा. एकाच मजकुराचे तीसेक लिफाफे लालबागला एका दिवशी आले होते, पोस्टमनने सगळे तुझ्याच दारात टाकले. मजकूर असा : एवढे काटे बनवायला कंपनीकडे पैसा नाही, बँक देत नाही, तेव्हा जितके शेअर आज आहेत तितकेच नवे काढायचे, आणि ते सगळेच्या सगळे मालक कुटुंबाने घ्यायचे, दहा रुपयांनी. यासाठी भागधारकांची सभा, दादरच्या एका हॉलमध्ये.

तुला मी ताट-वाटीवरच समजावून सांगितलं. कंपनी तेवढीच, शेअर दुप्पट. बावीसची वस्तू त्यांना दहाला मिळणार, आणि सरासरी सोळावर येणार. भाव तर त्या दिवशीच सोळाला आला होता. सोळाने तुझे अकरा हजार होत होते. भाऊकाकाचे चौदा.

तू समोरची वाटी उचलून ताटाबाहेर ठेवलीस. मग विचारलंस, कंपनीला पैसा खरंच लागतो? मी म्हणालो, खरंच लागतो. मग म्हणालीस, "मग सगळ्यांकडे मागायचा. त्यांनाच का?"

मी नियम काढून वाचला. असा ठराव व्हायला विरोधी मतांच्या तिप्पट मतं बाजूने लागतात. आधी हात वर करून मोजतात. त्यात ज्याच्याकडे लाख शेअर त्याचा एक हात, ज्याच्याकडे दहा त्याचाही एक. मात्र हात स्वतः येऊन वर करायचा, दुसऱ्याला कागद लिहून देऊन चालत नाही. हे वाचता वाचता मी थांबलो, कारण माझ्या लक्षात आलं की दलालाच्या माणसाने ज्याला फाटलेली नोट म्हटलं होतं ते इथे बत्तीस हात होते. शंभर-शंभराचे घेतले असते तर तीन झाले असते. मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, काय झालं, वाच ना पुढे.

पुढे मी एवढंही वाचलं की हातांनी हरले तर ते शेअरवार मतदान मागू शकतात, आणि त्यात आपण चिलटासारखे. सरकारी वित्तसंस्थेकडे मोठा हिस्सा होता, तिचा माणूस अशा सभांत गप्प बसतो. हे सगळं मी तुला स्पष्ट सांगितलं होतं. नंतर तू म्हणायचीस की सांगितलं नव्हतंस. सांगितलं होतं.

त्या दहा दिवसांत तू चालत सगळा परळ आणि नायगाव पालथा घातलास. बाजारात कांदे विकणारा, हॉस्पिटलात वॉर्डबॉय झालेला, पांडू, जो जिथे होता तिथे जाऊन तू सांगितलंस. गावाला होते त्यांना निरोप धाडलास, त्यातले सात एसटीने आले. सभा झाली की माझ्याकडे जेवण आहे, कोंबडी-वडे, एवढंच तू म्हणत होतीस. शेअरबिअर त्यांना नंतर मी समजावायचं.

हॉलच्या दारात कंपनीचा माणूस प्रत्येकाला खाऊचा पुडा देत होता, बटाटावडा आणि बर्फी. तुझ्या माणसांच्या कपड्यांकडे पाहून तो जरा गोंधळला, पण यादीत नावं होती. माझं नव्हतं, मला तुझा भाचा म्हणून मागे बसू दिलं. तू दारातच सगळ्यांना बजावलंस की हात वर करून होईपर्यंत पुडा सोडायचा नाही, त्यांचं मीठ आधी नको. आणि घोषणा द्यायच्या नाहीत. पांडूने विचारलं, निदान एक? तू नुसतं त्याच्याकडे पाहिलंस. बत्तीस माणसं मांडीवर गरम वड्याचा पुडा घेऊन पाऊण तास बसली. वास सगळ्या हॉलभर होता.

अध्यक्ष, कंपनीचा मालक, वाईट माणूस नव्हता. हे तू कधी ऐकून घेतलं नाहीस, पण आज ऐक. त्याने काटा स्वतः बनवला होता, घर गहाण ठेवून. तो म्हणाला, धोका मी घेतला, पैसा मी आणतोय, तर शेअर मला मिळाले पाहिजेत. हे बोलणं माझ्यासारख्याला पटण्याजोगं होतं. मग त्याने कुणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, आणि तू उठलीस. हातात पदर घट्ट धरला होतास. मला वाटलं तू मालवणीत बोलशील आणि लोक हसतील. तू बोललीस ते असं :

"साहेब, माझी लालबागला खानावळ होती. संपात मी पण डाळीत पाणी घातलं. माणसं वाढली, डाळ तेवढीच, काय करणार? पण पानावरच्या सगळ्यांना सांगून घातलं, नि माझ्या वाटीत पण तीच डाळ होती. तुम्ही पाणी आमच्या वाटीत घालता, नि आमची डाळ काढून तुमच्या वाटीत घेता. तुम्हाला पैसा पायजे तर आमच्याकडे मागा. आम्ही देऊ. ह्याच भावाने देऊ."

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतले दोन पारशी गृहस्थ मान हलवायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, बाई बरोबर बोलतायत.

ठराव हात वर करून मताला टाकला. बाजूने दहा-बारा. विरोधात तुझे बत्तीस आणि आणखी पंधरा-वीस, जे आले होते वडा खायला. पांडूने दोन्ही हात वर केले होते. तू वळून त्याला म्हणालीस, "एक, पांडू, एकच. इथे पण फसवायचं नाय." सेक्रेटरीने मोजलं, परत मोजलं, आणि ठराव नामंजूर झाल्याचं अध्यक्षांच्या कानात सांगितलं.

आता ते शेअरवार मतदान मागणार, हे मला माहीत होतं. मी पाहत होतो. वित्तसंस्थेचा अधिकारी, टक्कल पडलेला, सगळा वेळ फाईल चाळत बसलेला, तो उठून व्यासपीठावर गेला आणि अध्यक्षांशी खाली वाकून काही बोलला. फार नाही. अध्यक्ष थोडा वेळ टेबलाकडे पाहत राहिले. मग उभे राहून म्हणाले की व्यवस्थापन हा ठराव मागे घेत आहे, आणि नवे शेअर सध्याच्या सर्व भागधारकांना, ज्याच्या त्याच्या प्रमाणात, दहाच रुपयांनी देण्याचा विचार करेल.

आपल्या माणसांना काय झालं ते कळलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, जिंकलो. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून परत म्हणावं लागलं. मग पांडूने ती एक घोषणा दिलीच, आणि तू त्याला काही बोलली नाहीस. तू मांडीवरचा पुडा उघडून वडा खाल्लास आणि म्हणालीस, मीठ कमी आहे.

त्या दिवशी लालबागला जेवणं संध्याकाळपर्यंत चालली. भाड्याने आणलेली पातेली, दोन वर्षांनी पेटलेली मोठी चूल, वड्यांचा घाणा, जिन्यात बसलेली पंगत. शेजारच्या बायका लाटायला आल्या होत्या. संप हरलेली माणसं होती ती, आत्या. गेटवर महिनोन् महिने उभी राहून काही हाती न लागलेली. त्यांना मी एकमेकांना तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगताना ऐकलं, जणू समोरचा तिथे नव्हताच. अध्यक्ष कसा टेबलाकडे बघत राहिला, हे पांडू उठून करून दाखवत होता.

इथे आपला वाद येतो, जो राहून गेला. मी म्हणत आलो की आपण हातांनी जिंकलो, मतांनी नाही. शेअरवार मतदान झालं असतं तर आकडे त्यांच्या बाजूने होते, मी दहा वेळा मांडून पाहिलेत. तू म्हणायचीस, "मग केलं का नाय त्यांनी?" मी परत आकडे मांडायचो. तो अधिकारी व्यासपीठावर काय बोलला ते मला कधीच कळलं नाही, आणि त्याच्या डोक्यात तुझी डाळ होती की आपल्या संस्थेचा हिस्सा पातळ होण्याची चिंता होती, हेही कळलं नाही. दुसरं असावं असं मला वाटतं. तू आता रागावू शकत नाहीस म्हणून लिहितो.

पुढचं मला तुझ्यापेक्षा चांगलं आठवतं. नव्या शेअरसाठी तू पाटल्या मोडल्यास, आणि बत्तीसपैकी अठ्ठावीस जणांनी आपापले शंभर रुपये आणून दिले. कंपनी तरली. भाऊकाका मुदतीला आला तेव्हा अर्ध्याहून जास्त शेअर विकून तू त्याच्यापुढे चौदा हजार ठेवलेस. त्याने मोजले नाहीत. तू मोजायला लावलेस. खोली तुझी झाली, आणि दुसऱ्या महिन्यात तू डबे सुरू केलेस.

पोस्टात ठेवले असते तर काय झालं असतं, हे मी नंतर काढून पाहिलं होतं. तुझ्या शेअरने पोस्टाला मागे टाकलं, चांगलंच टाकलं. हे तुला जिवंतपणी सांगायचं राहिलं, कारण मग तू म्हणाली असतीस की बघ, सट्टा नव्हता. आणि तो सट्टा होता, आत्या. भांडारांनी काटे मागवले नसते तर तू मालवणला भाऊकाकाच्या पडवीत बसून त्याच्या सुनेची भाकरी खात असतीस, आणि आयुष्यभर मीठ कमी आहे हे मनात ठेवून गप्प बसली असतीस. हा धोका तू घेतलास. मी घेतला नसता. तुझ्या जागी मी असतो तर गावाला गेलो असतो, बिनचूक हिशेब करून.

परवा तुला खाली आणलं तेव्हा जिन्यात माणसं मावत नव्हती. पांडू आता ऐंशीला टेकलाय, नातवाच्या खांद्याचा आधार घेऊन आला होता. बाकीचे तिघे-चौघे उरलेत, तेही आले. भाऊकाकाचा मुलगा गावाहून रात्रीच्या गाडीने पोचला होता. माझ्या शेजारी उभा राहून त्याने खोलीकडे पाहिलं, गॅलरीकडे पाहिलं, खालच्या गर्दीकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "काकी शेवटपर्यंत गावाक इली नाय."

"नाही आली," मी म्हणालो. प्रेताशेजारी बोलावं त्यापेक्षा जरा मोठ्यानेच म्हणालो. जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू गेलं.